फ्रँकफर्टच्या गड्ड्यात आमचा टॉवेल

५ जानेवारी २०२४, शुक्रवार. दुपारचं जेवण झाल्यावर मी कारखान्याच्या ऑफिसात बसून छापील दरपत्रकातला एक अख्खा रकाना काळ्या मार्करनं खोडत होते. दोनशे प्रती होत्या. जाड कागद, रंगीत छपाई, मुद्दाम पुण्याहून करून आणलेल्या. खोडत होते तो रकाना 'सीआयएफ हॅम्बुर्ग'चा, म्हणजे जहाजाचं भाडं आणि विमा धरून माल हॅम्बुर्ग बंदरात पडेपर्यंतचा रेट. यादी छापली डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात. तांबड्या समुद्रात येमेनच्या हूती बंडखोरांचे जहाजांवर हल्ले तेव्हा सुरू झाले होते, पण ती टीव्हीवरची बातमी होती, आमच्या टॉवेलशी तिचा काही संबंध असेल असं डोक्यातच आलं नाही. त्या शुक्रवारी मर्स्क या मोठ्या जहाज कंपनीनं जाहीर केलं की त्यांची जहाजं आता तिकडून जाणार नाहीत, आफ्रिकेला वळसा घालून जातील. म्हणजे दहा ते चौदा दिवस जास्तीचे. भाड्याचं तर विचारूच नका. आमचा फॉरवर्डर, म्हणजे जहाजात माल चढवायची व्यवस्था करणारा, म्हणाला, "मॅडम, आत्ता सांगतोय तो रेट संध्याकाळपर्यंतच धरा."

दुसऱ्या दिवशी रात्री आमचं फ्रँकफर्टचं विमान होतं.

आमचा सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना आहे. सासऱ्यांनी चार मागांवर सुरू केला, आता अठ्ठावीस माग आहेत. इतकी वर्षं आम्ही मुंबईच्या एका एक्स्पोर्टरला माल द्यायचो. टॉवेल परदेशी जायचा, पण लेबल त्यांचं. नवऱ्याच्या मनात होतं की एकदा आपण स्वतः जाऊन उभं राहावं. त्याला माग सोडून जाता येईना, म्हणून मी आणि धाकटे दीर, निखिल भावजी, असे दोघं निघालो. मी कारखान्याचं एक्स्पोर्टचं कागदपत्र बघते आणि भावजींचं इंग्रजी चांगलं आहे, एवढीच आमची पात्रता.

मेळ्याचं नाव हाइमटेक्स्टील. घरगुती कापडाचा जगातला सगळ्यात मोठा बाजार, १९७१ पासून फ्रँकफर्टला भरतो, बहुतेक जानेवारीतच. त्या वर्षी ९ ते १२ जानेवारी. २,८०० च्या वर स्टॉल. नेमका आमच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेच्या तोंडावर. सोलापूरच्या माणसाला गड्डा, म्हणजे या यात्रेची जत्रा, सोडून जानेवारीत कुठं जायचं म्हणजे जिवावर येतं. सासूबाई म्हणाल्या, "गड्डाच आहे की तो पण. फक्त थंडीतला."

खरंच होतं ते. फ्रँकफर्टला मेळा भरवायची परवानगी सम्राट फ्रेडरिक दुसऱ्यानं १२४० साली दिली होती. आमच्याकडे यात्रेची परंपरा नऊशे वर्षांची सांगतात. गड्डा भरतो त्या होम मैदानावर सासूबाई नव्वदच्या दशकात स्वतः टॉवेल-चादरींचा स्टॉल लावून बसायच्या. पाळण्यांच्या कर्कश भोंग्यात दिवसभर घसा फोडायच्या. निघताना त्यांनी मला दोन गोष्टी दिल्या. कडक भाकरीचं एक मोठं पुडकं आणि शेंगा चटणीचा डबा, ही एक. आणि घरात वापरातले चार टॉवेल. "तिथल्या खोलीत टॉवेल देतील न देतील. टॉवेलवाल्यांनी टॉवेल विकत घेऊन अंग पुसायचं का?" या चार टॉवेलांकडे पुन्हा येईनच.

मेळ्याच्या दिवसांत फ्रँकफर्टातल्या हॉटेलांचे दर ऐकून आम्ही जवळच्या माइंझ शहरात एक छोटं घर भाड्यानं घेतलं होतं. एस-बानच्या लोकलनं पाऊण तासाच्या आत यायचं, असा हिशोब. हिशोब बरोबर होता, फक्त लोकल चालू असती तर.

८ तारखेला, सोमवारी, स्टॉल लावायचा दिवस. त्या दिवशी जर्मनीभर शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर उतरले होते. शेतीच्या डिझेलवरची सवलत सरकारनं काढायचं ठरवलं म्हणून. ऊसदरासाठी आपल्याकडे रस्ते अडतात ते बघत मोठी झालेली मी, मला ते दृश्य अगदी घरचं वाटलं. भावजींनी दहा फोटो काढले. ट्रॅक्टर मात्र आपल्यापेक्षा दुप्पट मोठे आणि रांगेत उभे.

आम्ही एका सरकारी योजनेखाली, निर्यातदारांच्या कौन्सिलच्या मोठ्या दालनात, ९ चौरस मीटरचा स्टॉल घेतला होता. ९ चौरस मीटर कागदावर बरं वाटतं. प्रत्यक्षात ती तीन बाय तीनची खोली, पांढऱ्या फळ्यांच्या भिंती, एक टेबल, तीन खुर्च्या, चार दिवे आणि फळ्यांना अडकवायचे शेल्फ. त्यात आम्ही चौसष्ट डिझाइन्स आणली होती. डॉबी बॉर्डर, जॅकार्ड, पट्ट्यापट्ट्यांचे, मोराचे, आणि एक लग्नाच्या आहेराचा सेटसुद्धा. जागा वाचवायला सगळे टॉवेल हवा काढून व्हॅक्यूमच्या पिशव्यांत दाबून आणले होते. उघडले तर पापडासारखे सपाट! टॉवेलचा जीव त्याच्या पाइलमध्ये असतो, त्या छोट्या छोट्या लूपमध्ये. तीच झोपलेली. मी माइंझच्या घरातला हेअर ड्रायर पिशवीतून आणला होता केसांसाठी, तो लावून एकेक टॉवेल झटकत, फुगवत बसले. शेजारच्या पानिपतच्या स्टॉलवाल्या काकांनी ते बघून त्यांचा वाफेचा प्रेस दिला, म्हणून आमचे वीसएक टॉवेल माणसांत आले. व्हॅक्यूममध्ये टॉवेल नेऊ नका, एवढं तरी लिहून ठेवा.

मागच्या भिंतीवर आम्ही सोलापुरी चादर ताणून लावली. आमचं गाव त्या चादरीमुळेच ओळखलं जातं, म्हटलं असू दे. थोड्या वेळानं जाकीट घातलेला एक जर्मन माणूस आला आणि अगदी नम्रपणे विचारलं, "बी-वनचं सर्टिफिकेट आहे का?" मेळ्यात सजावटीला लावलेलं कापड आगीला दाद न देणारं असावं लागतं, त्याचा तो दर्जा. आमच्या सुती चादरीला कुठलं आलंय! आम्ही एकमेकांकडे बघतोय, तेवढ्यात त्यानंच विचारलं, "ही सजावट आहे की विकायचा माल?" भावजी म्हणाले, "माल! माल!" मग ती भिंतीवर ताणलेली काढून, लेबल लावून, मालासारखी दांडीवर घडी घालून टाकली. तो मान डोलावून गेला. माझी भिंत मात्र चार दिवस पांढरीफटक राहिली.

पहिला दिवस, मंगळवार. मेळ्याच्या दारात, त्या मेसेटुर्म नावाच्या टोकदार मनोऱ्यापुढे, एक प्रचंड काळा पुतळा आहे, हातोडा खाली-वर करत राहतो. दिवसभर. मला त्याला बघून आमचे माग आठवले. आत आलो आणि उभं राहायचं ठरवलं होतं ते तासाभरात विसरलो. भावजी खुर्चीत बसून मोबाइलमध्ये, मी टेबलामागे रजिस्टरमध्ये डोकं घालून. लोक जायचे, नजर टाकायचे, पुढं. आम्हाला वाटलं जर्मन लोक शिष्ट असतात. साडेबाराच्या सुमाराला पानिपतचे काका चहा घेऊन आले आणि म्हणाले, "बेटा, दुकान में बैठे हुए आदमी से ग्राहक को लगता है कि वह उसे तंग कर रहा है." तेव्हापासून खुर्च्यांपैकी दोन मी टेबलाखाली सरकवल्या आणि टेबल भिंतीला लावलं. भावजी थोडे नाराज झाले. "वहिनी, नऊ तास उभं राहायचं?" मी म्हटलं, "आई गड्ड्यात महिनाभर उभ्या राहिल्या."

खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी सर्वांत मोठी चूक उभं-बसण्याची नव्हतीच. ती आकड्यांची होती. सोलापुरात टॉवेल किलोवर विकला जातो. सूत किलोवर घेतो, माल किलोवर देतो, डोकंही किलोत चालतं. पहिलाच गंभीर ग्राहक, डेन्मार्कचा, त्यानं पन्नास बाय शंभरचा टॉवेल हातात घेऊन विचारलं, "किती?" मी किलोचा भाव सांगितला. तो थांबला, मोबाइल काढला, काहीतरी करायला लागला, मग "थँक यू" म्हणून गेला. त्याला नगाचा भाव हवा होता. हिशोब तसा सोपा: ५० बाय १०० सेंटिमीटर म्हणजे अर्धा चौरस मीटर, ५०० जीएसएम (एका चौरस मीटरचं वजन ५०० ग्रॅम) असेल तर २५० ग्रॅमचा टॉवेल. ७० बाय १४० चा आंघोळीचा घेतला तर ४९० ग्रॅम. पण तो हिशोब ग्राहकानं का करायचा? रात्री माइंझला कडक भाकरी चुरून चटणी-तेलाबरोबर खाता खाता आम्ही दोघांनी कागदावर नगाच्या भावाचा तक्ता केला: तीन साइझ, तीन जीएसएम, एफओबी न्हावा शेवा (म्हणजे आपल्या बंदरात जहाजावर चढवेपर्यंतचा भाव), युरोत. एवढाच. खोडलेल्या रकान्याची दोनशे दरपत्रकं पिशवीत गेली ती गेलीच.

त्याच रात्री चौसष्टातली पन्नासएक डिझाइन्सही काढून टाकायची ठरली. भावजींना ते पटेना. मोराचं डिझाइन त्यांचं स्वतःचं होतं, जॅकार्डवर तीन आठवडे घालवून केलेलं. वाद झाला. शेवटी ठरलं: चौदा टॉवेल लावायचे, त्यातले नऊ पांढरे. मोर टेबलाच्या कोपऱ्यात राहील. (त्या मोरानं चारही दिवसांत एकाही माणसाला थांबवलं नाही. हे मी भावजींना अजून बोलून दाखवलेलं नाही, ते वाचतील तेव्हा वाचतील.)

बुधवारी पहाटे दोनपासून रेल्वेच्या ड्रायव्हरांचा संप. तीन दिवसांचा. एस-बान पण त्यांचीच. आदल्या संध्याकाळी बातमी कळली होती, पण 'थोड्या तरी गाड्या सोडतील' या आपल्याकडच्या अनुभवावर आम्ही सकाळी सातला माइंझच्या स्टेशनवर. फलाटावर आणखी एक माणूस गळ्यात मेळ्याचा बिल्ला घालून उभा. तुर्कस्तानातल्या देनिझलीचा. देनिझली म्हणजे त्यांचं सोलापूर, टॉवेलचं गाव. टॉवेलला ते 'हाव्लू' म्हणतात हे मला तेव्हा कळलं. तिघांनी मिळून टॅक्सी केली. माइंझ ते फ्रँकफर्ट, तीन दिवस. खर्च वाटून घेतला तरी भावजी मीटरकडे असे बघत होते जणू तो त्यांच्या पगारातून चाललाय. पण त्या टॅक्सीत मला जे कळलं ते कुठल्या सेमिनारात कळलं नसतं. तुर्कस्तानचा माल युरोपात बिनजकातीचा जातो, चार-पाच दिवसांत ट्रकनं पोचतो. पाकिस्तानच्या टॉवेलवर जकात शून्य. आपल्या टॉवेलवर तेव्हा साडेनऊ टक्क्यांच्या वर. म्हणजे भावावर भांडायला गेलो तर आपण हरूनच निघालेले. तो देनिझलीचा माणूस मोडक्यातोडक्या इंग्रजीत म्हणाला, "तुम्ही स्वस्त म्हणून विकू नका. स्वस्त दुसरे आहेत." स्पर्धकानं दिलेला सल्ला, तोही टॅक्सीचे पैसे वाटून घेताना.

त्या सकाळी आम्ही पोचलो सव्वादहाला. साडेनऊची एक भेट ठरलेली होती, एका मोठ्या दुकानसाखळीच्या खरेदी अधिकाऱ्याशी, सोलापुरातून तीन मेल करून मिळवलेली. टेबलावर त्याचं कार्ड होतं, मागे पेनानं वेळ लिहिलेली: ९.३४. बस्स. चार मिनिटं थांबला होता. मी मेल केला, संपाचं सांगितलं, माफी मागितली. उत्तर आलं नाही, आजतागायत नाही. संप काय मी केला होता? पण त्यांच्या दृष्टीनं बातमी आदल्या दिवशी आली होती आणि रात्री फ्रँकफर्टात मुक्काम करणं माझ्या हातात होतं. हॉटेलात वाचवलेले पैसे त्या एका कार्डात गेले असं मी धरते.

आता ते घरचे टॉवेल. स्टॉल पुसायला भावजींनी सासूबाईंनी दिलेला निळा टॉवेल आणला होता. घरात दोनेक वर्षं वापरात असलेला. आमच्या बोअरच्या खाऱ्या पाण्यात आठवड्यातून दोनदा धुतलेला, म्हणजे दोनशेच्या आसपास धुण्या झालेला. शेल्फ पुसून त्यांनी तो टेबलाच्या कडेवर टाकला. बुधवारी दुपारी एक ऑस्ट्रियन जोडपं आलं, त्यांची डोंगरात छोटी हॉटेलं. बाईंनी नवे पांढरे टॉवेल हातात घेतले, ठेवले, आणि तो निळा उचलला. "हा कुठला?" मी लाजेनं मेले. भावजी खरं ते बोलून गेले: "तो घरचा आहे, पुसायला." बाईंनी तो उलटा करून बघितला, लूप ओढून बघितली, कडेची शिवण बघितली. मग नवऱ्याला जर्मनमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि दोघं हसले. मला म्हणाल्या, "सगळे मला नवा टॉवेल दाखवतात. नवा तर सगळ्यांचाच चांगला असतो."

नव्या टॉवेलवर सॉफ्टनरचा थर असतो, हे आम्हाला ठाऊक, त्यांनाही ठाऊक. तो तीन धुण्यांत जातो. त्यानंतर जे राहतं तो खरा टॉवेल. गड्ड्यात सासूबाई एक धुतलेला टॉवेल नेहमी दोरीवर ठेवायच्या, हे मला त्या क्षणी आठवलं. मी तर त्या बोटभर दोरीकडे कधी लक्षच दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळपासून चारही घरचे टॉवेल स्टॉलच्या पुढच्या शेल्फवर. प्रत्येकाला कागदाची चिठ्ठी: अंदाजे किती धुण्या, नवा असताना वजन किती, आता किती. वजन माइंझच्या घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर केलं. नव्याचं वजन आमच्या रजिस्टरात होतं, नवऱ्याला फोन करून काढायला लावलं. रात्री अकराला, तिकडे पहाटेचे साडेतीन. तो काय म्हणाला ते इथं लिहीत नाही.

संपामुळे गुरुवारी लोक कमी आले. आजूबाजूचे सगळे वैतागले होते. आम्हाला मात्र त्याचाच फायदा झाला, कारण जे आले त्यांना वेळ होता. हॉटेलांना आणि दवाखान्यांना टॉवेल-चादरी भाड्यानं देऊन धुऊन घेणारी एक लाँड्री कंपनी, तिच्या खरेदीच्या बाई पन्नास मिनिटं आमच्याकडे बसल्या. (टेबलाखालच्या खुर्च्या तेव्हा काढल्या.) त्यांनी विचारलेले प्रश्न मी कुठल्याही यादीत लिहिले नव्हते. कारखान्याच्या मशीनमध्ये धुऊन, ड्रायरमध्ये वाळवून शंभरदा गेल्यावर कडा सुटते का? शिवण दुहेरी आहे का? लूप ज्यात अडकलेली असते त्या मधल्या ग्राउंडच्या धाग्यात थोडं पॉलिएस्टर टाकून, पाइल सुतीच ठेवून द्याल का, म्हणजे टिकाऊपणा येईल? आकसल्यावर पन्नास बाय शंभर भरला पाहिजे, आधी नाही. म्हणजे माप धुतल्यानंतरचं. आम्ही आजवर माप मागावरून उतरल्यावरचं सांगत आलो होतो.

आणि मग: सूत कुठल्या गिरणीचं? त्या गिरणीत कापूस कुठून येतो? मी गप्प. आम्ही सूत बाजारातून, दलालाकडून घेतो. आज या गिरणीचं, उद्या त्या. जर्मनीत पुरवठा साखळीचा कायदा आहे, माल बनवणाऱ्या माणसांची पिळवणूक होत नाही ना याची जबाबदारी खरेदी करणाऱ्या कंपनीवर टाकणारा. २०२३ पासून तीन हजारांवर कामगार असलेल्या कंपन्यांना होता, आणि १ जानेवारी २०२४ पासून, म्हणजे आम्ही पोचायच्या आठवडाभर आधी, एक हजारावर कामगार असलेल्यांनाही लागू झाला. म्हणून प्रत्येक मोठा ग्राहक हाच प्रश्न घेऊन फिरत होता. ओएको-टेक्सचं सर्टिफिकेट आमच्याकडे होतं, पण ते कापडात घातक रसायन नाही एवढंच सांगतं, कापूस कुणी वेचला ते नाही. बाई म्हणाल्या, "आज माहीत नसेल तर माहीत नाही म्हणा. खोटं लिहून दिलंत तर आपलं बोलणं इथंच संपेल." मी "माहीत नाही, पण मार्चपर्यंत सांगते" म्हटलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं. परत आल्यावर कारखान्यात सुताच्या प्रत्येक लॉटला गिरणीचं नाव आणि बिल नंबर लावायची सुरुवात त्या एका वाक्यामुळे झाली. आमचे मास्टर अजून कुरकुरतात.

जाताना त्यांनी निळा टॉवेल मागितला. तपासायला नेते म्हणाल्या.

कार्डांबद्दल थोडं. आम्ही एक साधी दोनशे पानी वही नेली होती आणि एक स्टेपलर. आलेल्या माणसाचं कार्ड पानाला स्टेपल, खाली लगेच चार ओळी: काय बघितलं, काय विचारलं, किती हवं, केव्हा हवं. "निळा कोट, चष्मा, कुत्र्याबद्दल बोलला" असलंही लिहायचं, कारण संध्याकाळी सगळे चेहरे एक होतात. चार दिवसांत एक्केचाळीस कार्डं. त्यातली चौदा आम्हालाच काहीतरी विकायला आलेल्यांची: पॅकिंगचं मटेरियल, सॉफ्टवेअर, सूत. वेळ खातात, पण तोंडावर हाकलूनही देता येत नाही. मी पहिल्या मिनिटात विचारायला शिकले, "तुम्ही टॉवेल घेता का?" उद्धट वाटतं. नऊ तासांत तेच बरं पडतं.

शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, तीन वाजल्यापासून आमच्या दालनातले निम्मे लोक खोकी बांधायला लागले. वेळेआधी स्टॉल मोडायला मनाई असते, दंडाचा नियमही असतो, आयोजकांचे लोक येऊन सांगून गेले तरी टेपचे आवाज चालूच. भावजींचा हातही टेपकडे गेला होता. पोलंडचे दोन भाऊ पावणेपाचला आले, तेव्हा आमच्या ओळीत आम्ही आणि पानिपतचे काका एवढेच उभे होतो. काही लोक सॅम्पल विकत मागत होते, पाच-दहा युरो पुढं करत. तिथं हातोहात विक्री करता येत नाही, तेव्हा हसून नकार. संप त्या संध्याकाळी सहाला संपायचा होता. आम्ही शेवटच्या वेळी टॅक्सी केली. देनिझलीच्या माणसानं मला त्याचा एक हाव्लू दिला, मी त्याला उरलेली शेंगा चटणी दिली. तिखट लागली असणार.

खर्च? विमान, व्हिसा, घर, टॅक्सी, स्टॉलचा आमचा वाटा, कुरिअर, सगळं धरून पावणेसात लाख. काही भाग योजनेतून परत मिळाला, आठ महिन्यांनी, बऱ्याच कागदांनंतर. विमानाचे बोर्डिंग पास जपून ठेवा, त्याशिवाय दावा मंजूर होत नाही. भावजींनी त्यांचा पास माइंझच्या कचऱ्याच्या टोपलीत टाकला होता आणि मी तो तिथून काढला.

आणखी एक, नवीन जाणाऱ्यांसाठी. मेळ्यानंतर महिन्याभरात एक पत्र येईल, प्रदर्शकांच्या यादीत तुमची माहिती बरोबर आहे का बघून सही करून पाठवा, असं. मेळ्याचं नाव मोठ्या अक्षरात. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं की ही सही म्हणजे जाहिरातीचा तीन वर्षांचा करार आणि दर वर्षी हजारभर युरो. नवऱ्याने पेन काढलं होतं. बारीक अक्षरं वाचायची सवय मला कस्टमच्या कागदांमुळे लागली, म्हणून वाचलो.

यात्रेतल्या सिद्धेश्वरांच्या लग्नाच्या अक्षतांना पोचलो का, असं सोलापूरचे वाचक विचारणार. भोगीच्या पहाटे मुंबईत उतरलो, गाडी केली, इंदापूरपर्यंत व्यवस्थित आलो आणि तिथं पंक्चर. सम्मती कट्ट्यावर अक्षता पडल्या तेव्हा आम्ही टेंभुर्णीच्या पुढे रस्त्यात होतो, मोबाइलवर थेट प्रक्षेपण बघत. मिरवणुकीतल्या उंच मानाच्या काठ्या, सातही नंदीध्वज, दिसले. भावजींनी गाडीतच हात जोडले. दुसऱ्या दिवशी, होमाच्या दिवशी, बाहेर हलग्यांचा आवाज चालू असताना मी वही उघडून सत्तावीस मेल लिहिले. प्रत्येकात त्या माणसानं विचारलेल्या प्रश्नाचंच उत्तर, कंपनीची माहिती नाही. सहा जणांची उत्तरं आली. पोलंडच्या भावांची ऑर्डर जूनमध्ये, छोटीच, साडेचारशे किलो. इथंही मी चुकून किलो लिहिलं.

लाँड्रीच्या बाईंनी आधी शंभर नग ट्रायलला मागितले. ग्राउंडमध्ये पॉलिएस्टर घालून, दोन वेळा चुकून, तिसऱ्यांदा जमलं. ते त्यांनी चार महिने धुतले. सप्टेंबरच्या शेवटी ऑर्डर आली, एक कंटेनर, पांढरे, माप धुतल्यानंतरचं. जहाज आफ्रिकेला वळसा घालूनच गेलं.

निळा टॉवेल काही परत आला नाही. सासूबाईंचा चारांचा सेट होता, आता तीन आहेत. दर वेळी धुतलेले कपडे घडी करताना त्या मोजतात आणि माझ्याकडे बघतात.